पट मांडणं म्हणजे जुगार नव्हे

२०२५च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं केला. चांगलं झालं. मोबाइलवरच्या रमीत पगार घालवलेली माणसं आमच्या नात्यातही आहेत. पण त्यानंतर सांगलीच्या काकांनी घरच्या ग्रुपवर जे लिहिलं, ते अजून डोक्यातून जात नाही. माझा भाचा पुण्यात नोकरी करतो आणि शुक्रवारी ऑफिस सुटलं की मित्रांसोबत एका कॅफेत बोर्ड गेम खेळायला जातो. त्यावर काका म्हणाले, ‘तिशीचे घोडे झाले आणि सोंगट्या हलवत बसतात. पत्ते काय, पट काय, नाद तो नादच. खेळून मिळतं काय?’ खाली सगळ्यांचे अंगठे.

दारू वाईट म्हणून ताकही बंद करायचं, असला हा न्याय झाला.

इथं जर्मनीत, न्यूर्नबर्गमध्ये शुक्रवारी आमच्या स्वयंपाकघरात कातान मांडलं जातं, म्हणजे मालाच्या पत्त्यांची देवाणघेवाण करत गावं-शहरं वसवायचा पटावरचा खेळ. शेजारची नर्स ड्यूटी संपवून येते, खालच्या मजल्यावरचे निवृत्त ट्रामचालक आजोबा ब्रेट्सेल, म्हणजे इथला गाठीच्या आकाराचा पाव, घेऊन येतात. परवा आजोबांनी शहर बांधायचं म्हणून धान्य आणि खनिज साठवत हातात नऊ पत्ते धरले होते. माझ्याकडे विटेच्या बदल्यात मेंढी मागून झाली, नर्सपुढे घासाघीस झाली आणि तेवढ्यात तिच्या फाशांवर सात पडले. हातात पत्ते जास्त, त्यामुळे आजोबांना चार टाकणं भाग होतं. एकेक पत्ता दोनदा निरखून त्यांनी खाली ठेवला. नर्सनं चोराची सोंगटी उचलली आणि थेट पटावरच्या माझ्या डोंगरावर आणून ठेवली! रात्री दहाला रूहेत्साइट, म्हणजे शांतता पाळायची वेळ, लागते म्हणून खिडक्या लावून घेतल्या, हसणं काही थांबलं नाही. पैशाचा संबंध कुठे आला?

या देशात १९७९पासून दरवर्षी वर्षातला उत्तम खेळ निवडतात. १९९५मध्ये तो मान कातानला मिळाला. ते रचणारे क्लाउस टॉयबर दंततंत्रज्ञ होते. १९८८मध्ये आमच्याच शहरातल्या खेळण्यांच्या प्रदर्शनात खेळ रचणाऱ्यांनी बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर सह्या केल्या, की डब्यावर आमचं नाव नसेल तर खेळ देणार नाही. आज पुस्तकावर लेखकाचं छापतात तसं त्यांचं नाव छापलं जातं. आणि इथल्या घराघरात सापडणारा ‘मेन्श एर्गेरे डिश निष्ट’ हा लुडोसारखा खेळ आपल्या पचीसीच्याच वंशातला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आलेला. पचीसी ज्यांची, त्यांनीच विचारायचं खेळून मिळतं काय?

तिकडे बसून बोलायला काय जातं, असं काका म्हणतील. इथं फायरआबेंड, म्हणजे दिवसाचं काम सुटणं, वेळेवर होतं, खरं आहे. भाचा मात्र तासन्‌तास वाहतुकीत अडकतो. म्हणून तर त्याच्या शुक्रवारच्या संध्याकाळची किंमत जास्त. शिवाय मे महिन्याच्या सुट्टीत आम्हा पोरांना रात्री दोनपर्यंत मेंढीकोटाला बसवणारे कोण होते? काकाच. जोडीदारानं मेंढी घालवली की त्याच्याशी सकाळच्या चहापर्यंत बोलायचे नाहीत, इतका त्यांचा जीव डावात असायचा. त्यांना खेळातलं सुख कळत नाही, असं मी कसं मानू?

एक गोष्ट मात्र ग्रुपवर लिहिली नाही. ऑफिसच्या कॉफीच्या खोलीत चार जर्मन बोलत उभे असले की मध्ये कधी तोंड घालावं, हे मला अजून उमगत नाही. पटाशी उमगतं. उजवीकडून फासे माझ्या हातात येतात आणि सगळे माझ्यासाठी थांबतात. तेवढा वेळ मी परका नसतो.

सांगलीत अशी पाळीची वाट कधी पाहावी लागली नव्हती. पण गेल्या खेपेला जेवणं झाल्यावर मी पत्ते काढले, तर वहिनी म्हणाल्या, ‘भावजी, लांबून आलाय, पडा जरा.’ काकांनी टीव्ही लावला. मला चांगली गादी, नवी चादर, पाण्याचा तांब्या, सगळं मिळालं. पाहुण्याचं करतात तसं सगळं झालं, आणि ते मला फार लागलं. काका, त्या रात्री मला तुमच्याकडून कोट खायचा होता.