चार तोंडं, एक फोन

पॉडकास्टसाठी चौघं मित्र सिनेमावर गप्पा मारणार आणि रेकॉर्डिंग कशावर? टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या एका फोनवर! जवळचा हसला की आवाज फाटतो. लांबचा दिग्दर्शनावर नेमकं मुद्द्याचं बोलतो, तर ते विहिरीतून आल्यासारखं ऐकू येतं. मागाहून आवाज वाढवा, पंख्याची घरघरही तेवढीच वाढते. दोघं एकदम बोलले की संपलंच. एकाच ट्रॅकमधून, म्हणजे एकाच रेकॉर्डिंगमधून, त्यांना नीट वेगळं काढणं महाकठीण. अरे, प्रत्येकाकडे फोन आहे ना? प्रत्येकाने आपापल्या फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि तो तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा तिरका धरा. सुरुवातीला एकाने खणखणीत टाळी वाजवा, तिच्यावरून चारही ट्रॅक जुळवता येतात. पैसा लागत नाही याला! आणि सिनेमाचा शेवट फोडण्याआधी निदान सांगत तरी जा.