मेलेल्या बल्बला काय भ्यायचं!

प्रोजेक्टरचा बल्ब गेला म्हणजे गेला. गेलेल्याशी वैर नको आणि त्याची भीती तर मुळीच नको. सरळ झाकण उघडा, हात घाला आणि ओढून काढा. बरोबर आलेली माहितीपत्रिका उघडलीत तर हातातली धडाडी नाहीशी होण्याचा संभव आहे, तेव्हा ती बल्बखाली अंथरायला वापरा.

सिनेमागृहाच्या मोठ्या प्रोजेक्टरमधल्या, झेनॉन नावाचा वायू भरलेल्या झेनॉन बल्बपासून सुरुवात करू. हा गडी थंडगार पडलेला असतानाच त्याच्या पोटात बाहेरच्या हवेच्या ८ ते १० पट दाब असतो. पेटला की साधारण तिप्पट होतो. मोटारीच्या टायरला दोन-अडीच पट पुरतो, आणि टायर निदान रबराचा असतो. हा क्वार्ट्झच्या काचेचा. आता बल्ब मेला म्हणजे नेमकं काय झालं? ज्यांच्यामध्ये उजेडाची ठिणगी पेटते ते दोन धातूचे इलेक्ट्रोड झिजले, त्यांचं टंगस्टन उडून काचेला आतून काजळीसारखं चिकटलं, उजेड मंदावला, पडद्यावर थरथर दिसू लागली. आतला वायू मात्र कुठेच गेलेला नाही. सुंभ जळला तरी पीळ तसाच. पण हे चारचौघांत बोलू नका, लोक उगाच दोन पावलं मागे सरकतात आणि बल्ब धरायला कुणी उरत नाही.

कंपनीवाले तोंडभर फेसशील्ड, जाड जाकीट, गळपट्टा आणि मनगट झाकणारे हातमोजे घालायला सांगतात. ते सगळं विकत घ्या. घेतलंच पाहिजे, तपासणीला दाखवावं लागतं. मी पाहिलेल्या एका केबिनमधलं असं जाकीट घडी न मोडता, कारखान्यातल्या पिशवीसकट खिळ्याला टांगलेलं होतं. खिळा अतिशय सुरक्षित होता. ऑपरेटर शेजारी बनियनवर बल्ब बदलत होता, कारण जाकिटात उकडतं.

नवा बल्ब प्लॅस्टिकच्या कवचात येतो. ते कवच बल्ब जागेवर बसेपर्यंत काढू नये असा संकेत आहे. तुम्ही खोक्यातून निघताक्षणी काढा, वस्तू बघून घेतलेली बरी. आणि बघायची तर बोटांनी बघा. बोटांचा तेलकटपणा काचेवर राहतो, बल्ब तापला की तो तिथेच भाजतो, त्या जागी क्वार्ट्झ पांढुरका आणि ठिसूळ होतो. याचा फायदा असा, की पुढे बल्ब फुटलाच तर कुठून फुटला हे लगेच कळतं. बसवताना एक टोक घट्ट आणि दुसरं सैल वायरने जोडलेलं असतं. तापल्यावर धातू आणि काच वाढतात, त्यांना हलायला जागा हवी म्हणून. सैल काम आपल्याला आवडत नाही. तेव्हा काचेचा फुगा मुठीत धरून दोन्ही टोकं पान्ह्याने आवळा. धन आणि ऋण टोकांची खूण बघत बसू नका. उलटं जोडलं तर इलेक्ट्रोड थोड्याच वेळात वितळून बल्ब काळा पडेल आणि चूक आपोआप लक्षात येईल.

आयुष्याच्या तासांबद्दलही लोक फार हळवे असतात. ठरलेले तास संपले की बल्ब बदला म्हणतात, कारण काळवंडलेली काच जास्त उष्णता शोषते आणि कमकुवत होते. पण उजेड तर येतोय ना! चालू द्या. फुटला तर बल्बमागचा आरसाही जाईल, जो बल्बपेक्षा महाग असतो. पण तो खर्च वेगळ्या खात्यात पडतो आणि बल्बवरची बचत आपल्या नावावर राहते. ऑफिसातल्या प्रोजेक्टरला तर याहून सोपा उपाय आहे: मेनूत जा आणि बल्ब न बदलताच तासांचा आकडा शून्यावर आणा. माणसांसाठी अशी सोय अजून निघालेली नाही.

ऑफिसातल्या प्रोजेक्टरचा विषय निघालाच आहे तर तो पाऱ्याचा बल्बही उरकून घेऊ. हा चिमुकला. दोन इलेक्ट्रोडमधलं ठिणगीचं अंतर जेमतेम १ मिलिमीटर, पण पेटल्यावर आतला सगळा पारा वाफ होतो आणि दाब बाहेरच्या हवेच्या २०० पटींच्या घरात जातो. समुद्रात २ किलोमीटर खोल असतो तेवढा. थंड झाला की दाब उतरतो, पारा राहतो. झेनॉनचं उलटं: पारा नाही, पण दाब उतरूनही उरतो. हे दोन वेगळे धडे लक्षात ठेवण्यापेक्षा दोघांनाही सारखंच हाताळा. समानतेचा काळ आहे. बंद केल्यावर पंखा मिनिटभर फिरत असतो, ती विजेची उधळपट्टी. प्लग ओढा. मग तासभर थंड होऊ द्यायचं सोडून लगेच झाकण उघडा, पुढची मीटिंग थांबलेली असते.

आणि आत फट्ट आवाज झाला, झरोक्यातून धूर आला, तरी कुणालाही खोलीबाहेर काढू नका. स्लाइड अर्धी राहते. खिडक्या उघडून अर्धा तास वाट बघणं हा भित्र्यांचा मार्ग. तुम्ही व्हॅक्यूम क्लीनर आणा. कडक कागदाने तुकडे गोळा करणं, चिकटपट्टीने बारीक कण टिपणं, सगळं झाकणाच्या डब्यात बंद करणं, यात पारा एकाच ठिकाणी अडकून पडतो. व्हॅक्यूममुळे तो पूर्ण मजल्यावर समप्रमाणात वाटला जातो, साहेबांच्या केबिनलाही वाटा मिळतो.

राहता राहिली विल्हेवाट, म्हणजे या शास्त्राचा कळस. जाणते लोक मेलेला झेनॉन बल्ब काढताक्षणी नव्याच्या कवचात घालतात, खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहितात आणि विक्रेत्याला परत करतात. तो घेत नसेल तर अंगावर पूर्ण कवच चढवून, बल्ब बंद वेष्टनात ठेवून, स्वतः ठरवलेल्या वेळी फोडतात. पाऱ्याचा असेल तर न फोडता धोकादायक कचऱ्याच्या केंद्रात देतात. फार उपद्व्याप. तुम्ही काळी पिशवी घ्या. बल्ब तळाशी, वर चहाचे कप, गाठ पक्की. झाकली मूठ सव्वा लाखाची. पहाटे कुणीतरी ती पिशवी उचलेल, गाडीत फेकेल, मागची लोखंडी पट्टी खाली येईल. तुम्हाला आवाजसुद्धा ऐकू येणार नाही. पिशवी उचलणाऱ्याकडे फेसशील्ड नसतं, पण तुमचं तरी कुठे वापरात होतं? विचारलंत तर जाकीट अजून पिशवीतच आहे, घडी न मोडलेलं.

फेकवत नसेल तर ठेवा. कित्येकांनी जुना झेनॉन बल्ब शोभेला टेबलावर ठेवलेला असतो. दिसतोही देखणा, चंदेरी टोकं, मधे काळसर फुगा. पाहुण्यांचं पोर आलं की बरोबर त्यालाच हात घालतं. आणि शोभेलाही नको असेल तर एक शेवटची युक्ती सांगतो. नव्या बल्बच्या खोक्यात जुना घाला, वर काहीही लिहू नका, आणि कपाटात नव्यांच्या रांगेत, अगदी पुढे, ठेवून द्या. पुढच्या पाळीचा ऑपरेटर नवा आहे. त्याला तुम्ही सांगितलंच असेल, मेलेल्या बल्बला काय भ्यायचं.