निरोप न पोचलेला माणूस

दोन महासत्तांचं जरा कुठे वाजलं की चर्चा येते ती बटणावर. कोणाचं बोट बटणावर आहे, कोण जास्त माथेफिरू, आधी कोण दाबणार. मला ही बटणाची भाषाच फसवी वाटते. जग अणुयुद्धाच्या सगळ्यात जवळ गेलं होतं असं ज्या दिवसाबद्दल म्हणतात, त्या शनिवारी, २७ ऑक्टोबर १९६२ला, बटणवाल्या दोघांनाही खरं तर माघारच हवी होती.

सोव्हिएत संघाने क्यूबात क्षेपणास्त्रं आणून ठेवली, अमेरिकेने क्यूबाची सागरी नाकेबंदी केली, इथवर सगळ्यांना माहीत असतं. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह तडजोडीची पत्रं पाठवत होते, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी स्वतःच्याच सेनापतींना हवाई हल्ल्यापासून थोपवून धरत होते. आणि खाली काय चाललं होतं?

क्यूबावर टेहळणी करणारं अमेरिकेचं यू-२ विमान सोव्हिएत क्षेपणास्त्राने पाडलं, वैमानिक मेजर रुडॉल्फ अँडरसन ठार झाला. हा हुकूम मॉस्कोचा नव्हता. क्यूबातले मुख्य सेनापती वेळेवर सापडले नाहीत, म्हणून हाताखालच्या जनरलांनी परस्पर निर्णय घेतला. त्याच दिवशी दुसरं एक यू-२ उत्तर ध्रुवाकडून परतताना वाट चुकलं. ताऱ्यांवरून दिशा काढायची, तर ध्रुवीय प्रकाशात तारेच नीट दिसेनात. ते थेट सोव्हिएत हद्दीत घुसलं. त्याला अडवायला सोव्हिएत मिग विमानं उडाली, त्याला सांभाळून आणायला अलास्कातून अमेरिकेची लढाऊ विमानं उडाली. या विमानांवर अण्वस्त्रं होती, कारण सतर्कतेची पातळी वाढली की तीच लावायची असा नियम होता. यू-२ भरकटल्याचं कळल्यावर केनेडी म्हणाले म्हणतात, ज्याला निरोप पोचलेला नाही असा एखादा हरामखोर कायम असतोच. अख्ख्या शीतयुद्धावरचं इतकं नेमकं भाष्य मी दुसरं वाचलेलं नाही.

निरोपाचंच बघा. वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांची मॉस्कोला तार जायची कशी? सांकेतिक भाषेत लिहायची आणि तारकंपनीचा पोऱ्या सायकलवरून येऊन घेऊन जायचा. तो वाटेत एखाद्या मुलीशी गप्पा मारत थांबू नये एवढी प्रार्थना करणंच आपल्या हाती होतं, असं त्यांनी नंतर सांगितलंय. क्षेपणास्त्राला लागणार मिनिटं, आणि तहाचं बोलणं सायकलवर!

तिसरी गोष्ट समुद्राखालची. सोव्हिएत पाणबुडी बी-५९ डिझेलवर चालणारी, थंड पाण्यासाठी बांधलेली, आणि आली होती उष्ण समुद्रात. बॅटऱ्या संपत आलेल्या, आतली हवा कोंदट, तापमान ४५ अंशांच्या वर, प्यायचं पाणी मोजून. मॉस्कोशी संपर्क नाही. वरून अमेरिकन जहाजं सरावाचे छोटे बॉम्ब टाकत होती. अर्थ एवढाच की वर या. या खुणेची माहिती अमेरिकेने मॉस्कोला दिली होती. पाणबुडीपर्यंत ती पोचलीच नाही. आत बसलेल्यांना ऐकू येत होते फक्त धडाके.

आणि पाणबुडीत एक अणुटॉर्पेडो होता. वरच्या अमेरिकनांना याचा पत्ताही नव्हता. पाणबुडीवरच्या वादिम ओर्लोव्ह या अधिकाऱ्याने पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, कप्तान सावित्स्की भडकला. वर कदाचित युद्ध सुरूही झालं असेल, असं म्हणून त्याने तो टॉर्पेडो तयार करायला सांगितलं. पाणबुड्यांच्या पथकाचा चीफ ऑफ स्टाफ वासिली आर्खिपोव्ह योगायोगाने याच पाणबुडीवर होता. त्याने कप्तानाला शांत केलं. नेमके शब्द काय होते, प्रकरण कितपत हातघाईवर आलं होतं, यावर इतिहासकार अजून भांडतात. पण सावित्स्कीला मी माथेफिरू म्हणणार नाही. त्या भट्टीत, डोक्यावर धडाके होत असताना, मीही तेच समजलो असतो.

‘दोघांकडे अण्वस्त्रं आहेत म्हणून तर कोणी लढत नाही’ हा युक्तिवाद मला म्हणूनच अर्धाच पटतो. भीतीने शहाणा होतो तो वरचा माणूस. खालच्याला तीच भीती घाईला लावते. दोन रात्री आधी मिनेसोटातल्या डुलुथच्या तळावर पहारेकऱ्याला कुंपण चढणारी आकृती दिसली, त्याने गोळी झाडली, घातपाताचा भोंगा वाजला. शेजारच्या विस्कॉन्सिनमधल्या तळावर चुकीचा भोंगा वाजला आणि वैमानिक अण्वस्त्रं लावलेल्या विमानांकडे धावले. शेवटी दिवे उघडझाप करत एक गाडी धावपट्टीवर आली, तेव्हा विमानं थांबली. कुंपणावर अस्वल होतं.

१९६३ साली दोन्ही राजधान्यांमध्ये हॉटलाइन आली. लाल फोन वगैरे नाही, टेलिप्रिंटर. सायकलवाला सुटला. पण ती तार जोडते ती वरच्या दोघांना, पाणबुडीतल्यांना नव्हे.

बी-५९ त्या रात्री बॅटऱ्या भरायला वर आली, चहूबाजूंनी अमेरिकन जहाजं. मायदेशी परतल्यावर कौतुक राहिलं बाजूला, शत्रूसमोर वर आलातच कसे म्हणून बोलणी खावी लागली. आर्खिपोव्ह १९९८मध्ये गेला. बी-५९मधली ही हकिकत जगभर चर्चेत आली ती २००२ साली, क्यूबाच्या राजधानीत, हवानात, या पेचप्रसंगावर भरलेल्या परिषदेनंतर.