सातच्या पुढे

माझ्या सीएनसी यंत्राला, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणाऱ्या यंत्राला, सातच्या पुढचे आकडे येत नाहीत, असं आमच्या आईचं ठाम मत होतं. तिच्याकडे पुरावाही होता. लाकडी घड्याळाच्या दोन तबकड्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. दोन्हींवर एक ते सहा आकडे सुबक कोरलेले, मग साताचा अर्धा वळसा आणि त्या वळशाच्या पोटात एक काळंकुट्ट भोक. पुढे कोरं लाकूड.

त्या भोकाचं असं आहे. संगणक यंत्राला एकेक ओळ पाठवतो, अमुक ठिकाणी जा, एवढं खाली उतर. यंत्रातला अर्डुइनोचा छोटा बोर्ड ‘ओके’ म्हणतो, मग पुढची ओळ. पाढे म्हणून घेतात तसं. बोर्डावरच्या जीआरबीएल या यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रामच्या ओंजळीत एका वेळी फार तर १२८ अक्षरं मावतात, त्यामुळे अख्खी तबकडी पाठ करून ठेवणं त्याच्या आवाक्याबाहेरचं. यूएसबीचा संपर्क तुटला की ते हातातल्या चार ओळी उरकतं आणि पुढच्या हुकमाची वाट पाहत जागच्या जागी उभं राहतं. राउटरची, म्हणजे कोरणारं पातं फिरवणाऱ्या अवजाराची, मोटर मात्र वेगळ्या बटणावर. तिला या अबोल्याची गंधवार्ता नसते. ती एकाच जागी गरागरा फिरत राहते, आधी जळकट वास येतो, मग धुराची बारीक रेघ, आणि मी धावत जाऊन बटण दाबेपर्यंत साताला तीळ फुटलेला असतो.

संगणकाच्या पडद्यावर तेवढ्यात एक वाक्य उमटलेलं असतं : संपर्क तुटला. का तुटला, कोणामुळे तुटला, चकार शब्द नाही.

खरं तर हा संपर्क जुळतानाही मी कमी सोसलं नव्हतं. पहिले दोन दिवस तर संगणक यंत्राला ओळखच देईना. यंत्राची ओळख पटवणारा ड्रायव्हर प्रोग्राम तीनदा काढून तीनदा टाकला. बोर्डावरच्या सीएच३४० या यूएसबीचं बोलणं सांभाळणाऱ्या चिपला दिवा लावून भिंगातून न्याहाळलं, जणू ती काही बोलणार होती. शेवटी कळलं की केबल फक्त चार्जिंगची आहे. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन बोलण्याच्या. माझ्या केबलमध्ये बोलण्याच्या दोन नव्हत्याच. बोर्डावरचा दिवा लागत होता म्हणून मी केबलवर संशयही घेतला नव्हता. जिवंत आहे म्हणजे ऐकू येतच असेल, असा माझा समज. ती केबल मी रागाने उचलली आणि व्यवस्थित गुंडाळून पुन्हा खणात ठेवली. केबल टाकून देणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

दुसऱ्या केबलने यंत्र दिसू लागलं तर पडद्यावर ‘पोर्ट वापरात आहे’, म्हणजे यंत्राशी बोलायचं दार अडलेलं. कोणाच्या? माझ्याच. सिरीयल मॉनिटर या बोर्डाशी बोलायच्या प्रोग्रामची खिडकी मागे उघडी राहिली होती आणि पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला दाद देतो. मग मी केबल एका खाचेतून काढून शेजारच्या खाचेत लावली, तर पोर्टचं नाव कॉम ३ चं झालं कॉम ७. इथेही सात! माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, पण केबल मी मुकाट्याने जुन्या खाचेत लावली.

पहिली तबकडी गेल्यावर मी शहाणपणा केला. लाकूड हलवलं नाही, पुन्हा संपर्क जोडला आणि काम सुरू केलं. पोर्ट नव्याने उघडला की हा बोर्ड रीसेट होतो आणि आपण जिथे उभे आहोत तेच शून्य, असं धरून चालतो, हे ज्ञान मला त्यानंतर झालं. यंत्राने शांतपणे साताच्या डोक्यावर एक कोरायला घेतला.

दुसऱ्या तबकडीआधी मी संगणकाची झोपायची सवय मोडली, यूएसबीला डुलकी घेऊ देणारी वीजबचतीची सेटिंग बंद केली, बॉड रेट, म्हणजे दोघांच्या बोलण्याचा वेग, ११५२०० आहे ना ते पुनःपुन्हा पाहिलं. सातवर भोक.

तेव्हा आई दारात आली. “अरे, तू तो भुसा ओढायचा पंप लावतोस ना, त्याच्यानंतरच तुझं यंत्र गप्प होतं.”

“पंपाचा काय संबंध?”

“मिक्सर लावला की आपला रेडिओ कसा खरखरायचा? तसं असेल.”

मी तिला समजावणार होतो. तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सहा आकडे होईपर्यंत भुशाचा ढीग इतका होई की रेघा दिसेनाशा होत, आणि मग मी व्हॅक्यूम लावत असे. दर वेळी, साताच्या तोंडावर. मिक्सर, राउटर, व्हॅक्यूम, तिन्हींच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश, त्यांच्या ठिणग्यांचा गोंगाट तारांतून आणि हवेतून पसरणारा. आणि माझी यूएसबी केबल राउटरच्या वायरला प्रेमाने वेटोळे घालून, वर टायने आवळून बांधलेली. नीटनेटकं दिसावं म्हणून! व्हॅक्यूमच्या प्लास्टिक नळीजवळ हात नेला तर मनगटावरचे केस उभे राहिले. आतून भुसा घासत जातो आणि नळीवर स्थिर वीज साचते. ती कधीतरी कडकन उतरणार, आणि उतरायला सगळ्यात जवळचं म्हणजे यंत्राची चौकट.

मग मी एका दमात सगळं केलं. आखूड, शील्ड म्हणजे धातूचं वेष्टण असलेली केबल आणली, तिच्या दोन्ही टोकांना गोंगाट अडवणाऱ्या फेराइटच्या गोळ्या बसवल्या, मधला यूएसबीच्या खाचा वाढवणारा हब काढून टाकला, केबल राउटरच्या वायरपासून हातभर लांब नेली, व्हॅक्यूम वेगळ्या सॉकेटवर लावला आणि नळीवर उघडी तांब्याची तार गुंडाळून ती अर्थिंगला जोडली. तिसरी तबकडी. सहा झाले, व्हॅक्यूम लावला, श्वास रोखला. सात. आठ. बारा.

“कशाने नीट झालं?” आईने विचारलं.

सहा गोष्टी एकदम केल्यामुळे ते मला माहीत नाही. एकेक काढून पाहायला हवं, पण माझी हिंमत होत नाही.

घड्याळ भिंतीवर लागलं. बाद झालेल्या दोन तबकड्या आईने स्वयंपाकघरात नेल्या. आता त्यांच्यावर गरम पातेली ठेवते. म्हणते, डाग आधीच आहे, आणखी पडला तरी कळायचा नाही.