काडतुसाच्या पोस्टवरच्या कमेंटला उत्तर

भाऊ, कमेंट दोनदा वाचली तुमची. मामाच्या बॅगेत विमानतळावर काडतूस सापडलं त्याचं मी लिहिलं, तं तुम्ही म्हणता मी सरकारची बाजू घेऊन राहिलो, नियम फक्त धोतरवाल्याला, पुढाऱ्याचा गनमॅन कमरेला पिस्तूल लावून सरळ विमानात चढते, अन् लायसन असून एका काडतुसापायी म्हाताऱ्याला तीन तास बसवणं म्हणजे जुलूम.

गनमॅनचं आधी सांगतो. नाही चढत हो. केबिनमध्ये हत्यार घेऊन बसायची मुभा ड्युटीवरच्या एसपीजीवाल्यांना, म्हणजे पंतप्रधानांच्या सुरक्षेतल्यांना, अन् १९९९ मध्ये विमान पळवून कंदाहारला नेलं त्यानंतर आलेल्या स्काय मार्शलला, म्हणजे विमानातल्या हत्यारबंद सुरक्षा जवानाला. बाकी आमदाराचा असो की मंत्र्याचा, बॉडीगार्डला पिस्तूल रिकामं करून, काउंटरवर सांगून खालच्या सामानात द्यावं लागते.

आता लायसन. ते बंदूक बाळगायचं आहे, हातातल्या बॅगेत काडतूस नेण्याचं नाही. न्यायचंच असेल तं आधी एअरलाइनला सांगा, लायसन दाखवा, बंदूक रिकामी करून कुलूप लावून चेक-इनमध्ये द्या, काडतुसं वेगळी पॅक करा, तीही माणशी ५ किलोच्या आत, कंपनी त्याहून कमीही ठरवू शकते. अन् लायसनच्या पुस्तकात हद्द लिहिलेली असते ती पाहा, महाराष्ट्रापुरतं असलं तं दिल्लीला बंदूक नेताच येत नाही, चेक-इनमध्येही नाही. हे आपल्याकडं कोणी सांगत नाही, तुमचा राग इथं असता तं मी लगेच हो म्हटलं असतं.

जुलूम म्हणाल तं, नकळत राहिलेल्या काडतुसाला कोर्ट गुन्हा मानत नाही. ताबा जाणूनबुजून पाहिजे, हे सुप्रीम कोर्टानं १९७२ मध्येच सांगितलं, अन् १९९४ मध्ये संजय दत्तच्या केसमध्ये परत. म्हणजे पहा, हिरोच्या केसचा फायदा रात्री पीक राखणाऱ्या जागलीवाल्यालाही मिळते. पण ते कोर्टात. मशीनवरच्या जवानाला तुमच्या मनातलं कसं दिसणार, त्याला पडद्यावर फक्त काडतूस दिसते.

अन् काडतूस बॅगेत आलं कसं ते तुम्ही विचारलंच नाही. आमच्याकडं रोही, म्हणजे नीलगाय, अन् डुक्कर हरभरा ठेवत नाही, १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीक राखायच्या भरमार (तोंडाकडून बार भरायच्या) बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, एवढी जुनी गोष्ट आहे ही. मामाची बारा बोर. रात्री जागलीला जाताना जी बॅग खांद्याला, तीच पुण्याला पोराकडं जाताना. साइडच्या चेनीत तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, अन् तिच्याखाली लाल प्लास्टिकचं, पितळी बुडाचं एक काडतूस, कधीचं पडलेलं कोण जाणे. बॅग एकच असली का हे व्हायचंच राजेहो.

तुमच्या कमेंटखाली कोणीतरी विचारलं, मग कृपाण कशी चालते. शीख प्रवाशाला देशातल्या देशात चालते, पातं ६ इंच अन् सगळी मिळून ९ इंचाच्या आत, मापासकट लिहिलेलं आहे.

मामीनं आता जागलीची बॅग खुंटीलाच टांगली, प्रवासाला लग्नात आलेली नवी दिली. परवा पुण्याहून येताना त्या नव्या बॅगेतून अडकित्ता निघाला. तिथंच ट्रेमध्ये सोडून आला मामा, अन् काडतुसापेक्षा त्याचंच दुःख जास्त, म्हणते बापाच्या हातचा होता.