‘कमिशन किती मिळतं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

माननीय ‘स्पष्टवक्ता’ यांस,

दुकानाच्या नावाचं डोमेन (ईमेल पत्त्यातलं ‘@’ नंतरचं नाव) घेऊन त्यावर ईमेल पत्ते कसे उघडायचे, या माझ्या लेखावर आपण जे लिहिलंत ते मी शांतपणे वाचायला घेतलं. शेवटच्या ओळीपर्यंत शांतता टिकली नाही. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून आपलं म्हणणं थोडक्यात देतो. लेखातली पडद्याची चित्रं जुनी आहेत. दर जुने आहेत. डीमार्कबद्दल (आपल्या डोमेनच्या नावाने आलेली मेल तपासणीत नापास झाली तर समोरच्या सर्व्हरने काय करावं, ही सूचना) एक अक्षर नाही, ते थेट ‘रिजेक्ट’वर, म्हणजे ‘घेऊच नका’वर, ठेवायला सांगायला हवं होतं. डोमेनवर फुकट फॉरवर्डिंग लावून मेल जीमेलमध्ये घ्यावी, उत्तरंही जीमेलमधूनच द्यावीत, लहान व्यापाऱ्याचं तेवढ्यात भागतं. आणि मग हे वाक्य : “माणशी दरमहा पैसे भरायला लावणाऱ्या लेखकाला कमिशन किती मिळतं, तेही एकदा छापा.”

चित्रं जुनी आहेत, मान्य. बदलतो. दरांचं म्हणाल तर ते बदलतच असतात, कंपनीच्या पानावर बघून घ्या असं लेखात लिहिलं होतं. विषय संपला.

आता कमिशन. एक पैसा मिळत नाही. मुद्दा पटला नाही तर पटला नाही म्हणा, पण टोपणनावाच्या आडून माणसाची नियत काढायची ही कुठली रीत? लेखात झोहो या मेलसेवा देणाऱ्या कंपनीच्या फुकट योजनेचा परिच्छेद आहे. तिच्यात आयमॅप नाही, म्हणजे दुकानातल्या कंप्युटरवरच्या आउटलुकात ती मेल उतरणार नाही, ब्राउझर किंवा त्यांच्या अ‍ॅपमधूनच बघावी लागेल, हेही लिहिलंय. कमिशन खाणारा माणूस फुकटची सोय कशाला सांगत बसेल? ‘माणशी’ हा शब्दही आपण पुढचं न वाचता उचललात. विक्री, हिशेब, चौकशी असे तीन पत्ते म्हणजे तीन खाती नव्हेत. एका खात्यावर उपनावं जोडता येतात, त्याचे जादा पैसे पडत नाहीत. चार भावांच्या दुकानात मेल बघणारा एकच असेल तर खातं एकच पुरे. हे वाक्य लेखात जसंच्या तसं आहे.

मी या धंद्यात आलो तेव्हा व्हीएसएनएलचं डायल-अप लागलं की घरचा फोन बंद व्हायचा आणि आई ओरडायची. इचलकरंजीच्या सूतवाल्यांची, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्यांची खाती मी स्वतः बसून लावली आहेत, बऱ्याचदा चहावर. ‘फुकटात भागतं’ हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. एका फाउंड्रीवाल्यांचं डोमेन वेबसाइट करून देणाऱ्या पोराने स्वतःच्या नावावर घेतलं होतं, मेलही त्याच्याच होस्टिंगवर (वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा), वेबसाइटसोबत ‘फ्री’. पोरगा नोकरीला लागून परगावी गेला, नूतनीकरणाची आठवण त्याच्या जुन्या पत्त्यावर जात राहिली, डोमेनची मुदत संपली. पुण्याच्या गिऱ्हाइकाने पाठवलेली ड्रॉइंगं परत जायला लागली. गिऱ्हाइकाला वाटलं कारखाना बंद पडला. हे फाउंड्रीवाले गृहस्थ माझ्यापुढे बसून फक्त एवढंच म्हणत होते, “अहो, पण वेबसाइटचे पैसे तर दिले होते!” डोमेन आपल्या नावावर हवं आणि मेल वेबसाइटपासून वेगळी हवी, हे मी लेखात ठळक अक्षरात का लिहितो, ते यावरून कळावं. कळलं तर.

फुकटाचं आणखी एक. गूगलने स्वतःच्या डोमेनवरची फुकट मेलसेवा नव्या लोकांसाठी २०१२ च्या डिसेंबरात बंद केली. आधीपासून असलेल्यांनाही २०२२ मध्ये पैसे भरा म्हणून कळवलं. नंतर घरगुती वापरवाल्यांना सूट मिळाली, धंदेवाल्यांना नाही. तेव्हा ‘फुकटवर बसू नका’ हा सल्ला माझ्या खिशातून निघालेला नाही.

आणि आपल्या फॉरवर्डिंगबद्दल, आता विषय काढलाच आहात म्हणून. कंपनीने पाठवलेली मेल आधी फॉरवर्डरकडे येते, तो ती जीमेलकडे ढकलतो. जीमेलला दिसतो फॉरवर्डरचा सर्व्हर, आणि पाठवणाऱ्याच्या एसपीएफ यादीत (त्याच्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, ती यादी) त्या सर्व्हरचं नाव नसतं. फॉरवर्डर लिफाफ्यावरचा पत्ता (सर्व्हर आपसात वापरतात तो, वाचणाऱ्याला सहसा न दिसणारा) बदलून घेत असेल तर एसपीएफ पास होतो, पण फॉरवर्डरच्या नावाने. पाठवणाऱ्याच्या डीमार्कला त्याचा उपयोग शून्य, कारण त्याला मेलवर दिसणाऱ्या पत्त्याच्या डोमेनशी जुळणी लागते. मग सगळा भार डीकेआयएमच्या सहीवर, म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनने मेलवर केलेल्या डिजिटल सहीवर. मधे कुणी विषयाआधी ‘बाहेरची मेल’ असा शिक्का मारला किंवा खाली दोन ओळी चिकटवल्या की बहुधा तीही मोडली. मेल कधी स्पॅममध्ये, कधी कुठेच नाही. रोज होतं असं नाही. नेमकं कोटेशनच्या वेळी झालं की पुरे.

उत्तरं जीमेलमधून? त्यासाठी लोक जीमेलच्या ‘सेंड मेल अ‍ॅज’मध्ये दुकानाचा पत्ता टाकतात, सर्व्हर मात्र जीमेलचाच ठेवतात. म्हणजे वर नाव दुकानाचं, लिफाफा आणि सही जीमेलची. आता यावर आपला दुसरा सल्ला लावा : डीमार्क ‘रिजेक्ट’. जुळणी कशाशीच होत नाही, आणि समोरचा सर्व्हर तुमच्याच सांगण्यावरून तुमची मेल दारातून परत पाठवू शकतो. आपले दोन सल्ले एकाच वेळी पाळून बघितलेत का हो कधी? की वेगवेगळ्या ठिकाणी वाचून इथे ओतलेत?

डीमार्क लेखात नाही कारण तो लेख पहिल्यांदा डोमेन घेणाऱ्यासाठी आहे. जीमेल आणि याहूने २०२४ च्या फेब्रुवारीपासून डीमार्कची सक्ती केली ती ढिगाने मेल पाठवणाऱ्यांना, जीमेलच्या हिशेबात दिवसाला ५,००० च्या वर. आमचा किराणावाला त्यात बसत नाही. त्याने आधी एमएक्स (येणारी मेल कोणत्या सर्व्हरवर जायची ते सांगणारी नोंद) नीट लावावा, एसपीएफची ओळ एकच ठेवावी (जुन्या होस्टिंगची तशीच ठेवून दुसरी टाकतात आणि मग दोन्ही निकामी), डीकेआयएम चालू करावं. बाकी नंतर बघू.

आपल्याला माझं चूक आहे असं अजूनही वाटत असेल तर वाद घालू नका. आपल्या त्या फुकट व्यवस्थेतून एका परक्या जीमेल खात्यावर मेल पाठवा, तिथे ‘शो ओरिजिनल’ (मेलच्या तपासणीचे निकाल दाखवणारा जीमेलचा पर्याय) उघडा, आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही ओळी, डोमेनच्या नावांसकट, इथे चिकटवा. कमिशनचा हिशेब त्यानंतर मांडू.