चार-एकचं सुतक : काही नियम

२६ एप्रिल २०२३ च्या, इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलमधल्या सामन्यात, स्वतःच्या एतिहाद स्टेडियमवर मँचेस्टर सिटीने आर्सेनलला ४-१ असं धुतलं, तेव्हा आपल्याकडे गुरुवार लागून पहाटेचे अडीच वाजत आले होते. लंडनमधल्या आर्सेनलवाल्याला पबमधून घरी जाताना शिव्या द्यायला निदान चार माणसं बरोबर होती. तुम्ही मात्र पुण्यात, ठाण्यात किंवा नाशकात, उजेड बाहेर जाऊ नये म्हणून दाराखाली टॉवेल लावून, आवाज बंद ठेवून, मोबाईलच्या पडद्यावर हरलात. एवढ्या कष्टाने पत्करलेला पराभव नीट साजरा व्हायला हवा. त्यासाठी हे नियम. जपून ठेवा. आर्सेनलचे चाहते आहात म्हणजे पुन्हा लागतील.

सगळ्यात आधी एक वाक्य डोक्यातून काढून टाका : ‘ते आपल्यापेक्षा चांगलं खेळले.’ हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की विषयच संपतो. मग पुढचे तीन आठवडे बोलायचं काय? पंच, दुखापत, नशीब, तेलाचा पैसा, मैदानाचं गवत असा उत्तम माल हाताशी असताना खरं बोलून सगळ्यांचा विरस करणं बरं नाही.

सामना दुसऱ्यांदा तर मुळीच पाहू नका. पाहिलात तर पंचाईत होईल. सातव्या मिनिटाला सिटीच्या बचावफळीतून एक लांब चेंडू निघतो, त्यांचा सेंटर फॉरवर्ड हालँड आपल्या बचावातल्या होल्डिंगला पाठीवर घेऊन तो थांबवतो, साथीदार डी ब्रुइनेच्या पुढ्यात सरकवतो आणि डी ब्रुइने धावत जाऊन खालून कोपऱ्यात मारतो. एवढंच. आर्सेनलने प्रत्येक माणसाला माणूस लावून पुढे दाब टाकायचा बेत केला होता, आणि सिटीने तो दाब एका लाथेत डोक्यावरून पार केला. प्रशिक्षक पेप ग्वार्दिओलाचा संघ म्हणजे शंभर छोटे पास, असं आपण वर्षानुवर्षं मित्रांना समजावून सांगत होतो. त्या रात्री त्यांनी चेंडू सरळ सेंटर फॉरवर्डकडे उडवला, जुन्या इंग्रजी पद्धतीने. ही उघड उघड फसवणूक आहे, असं म्हणायला हरकत नाही.

मध्यंतराच्या तोंडावर सिटीच्या स्टोन्सने फ्रीकिकवर डोकं लावलं. सहायक पंचाने ऑफसाइडचा झेंडा वर केला आणि तुम्ही आठ सेकंद सुखात होतात. मग व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ पाहणाऱ्या पंचांनी, गोल दिला. इथे नियम साधा आहे : व्हीएआरने आपल्या बाजूने कौल दिला तर ते विज्ञान, विरुद्ध दिला तर कारस्थान. ५४ व्या मिनिटाला पुन्हा हालँड, पुन्हा डी ब्रुइने, ३-०. शेवटी हालँडने केसांचा बँड काढला आणि मोकळ्या केसांनी ९५ व्या मिनिटाला चौथा मारला. तो त्याचा त्या हंगामातला लीगमधला ३३ वा गोल. केस बांधून तो दोनदा दुसऱ्याला गोल देतो आणि सोडून स्वतः मारतो, यावरून केशरचनेबद्दल निदान एक सिद्धांत मांडता येईल. तो मांडा. डावपेचांपेक्षा सोपा आहे.

आता मुख्य विधी, म्हणजे बळीचा बकरा. निवड करताना भावनेच्या आहारी जाऊ नका. ओडेगार्ड कप्तान आहे, त्याच्या नावाची जर्सी तुम्ही चार हजार रुपये मोजून घेतलेली आहे; तो चालणार नाही. साका तर घरचाच पोरगा. थॉमस पार्टी महागडा आहे, त्याला दोष दिला की खरेदीला दोष जातो. उरतो रॉब होल्डिंग. २०१६ मध्ये बोल्टनहून स्वस्तात आणलेला, बचावातला हुकमी सलिबा जखमी म्हणून त्याच्या जागी नाइलाजाने उभा केलेला, वागायला सभ्य आणि विनोदालाही सोयीचा. हालँडला अडवायचं काम त्याच्यावर टाकणाऱ्याबद्दल बोलायचं नाही. ज्याच्यावर टाकलं त्याच्याबद्दल बोलायचं. या बांधणीत एकच विघ्न आहे. आर्सेनलचा त्या रात्रीचा एकुलता एक गोल ८६ व्या मिनिटाला या होल्डिंगनेच केला. तो तुम्ही पाहिला नाही असं समजा. त्या वेळी तुम्ही पाणी प्यायला गेला होतात.

‘सलिबा असता तर’ हे दुसरं हत्यार. मार्चच्या मध्यावर स्पोर्टिंग लिस्बनविरुद्ध युरोपा लीगच्या सामन्यात त्याची पाठ गेली आणि तिथपासून आर्सेनलची घडी विस्कटली, हे बऱ्याच अंशी खरंही आहे. म्हणूनच ते सांभाळून वापरा. एखादा वात्रट विचारेल, की १५ फेब्रुवारीला आपल्याच एमिरेट्स स्टेडियमवर सिटीने ३-१ ने हरवलं तेव्हा सलिबा कुठे होता? मैदानात होता. तर अशा माणसाला लगेच ग्रुपमधून काढा. आणि हा लीगमधला सिटीकडून सलग बारावा पराभव होता, हे कोणी काढलं तर ग्रुप स्वतःच सोडा. अकरा वेळा हरल्यावर बाराव्या वेळी जिंकण्याची खात्री बाळगणं याला बाहेरचे लोक वेडेपणा म्हणतात. आपल्याकडे त्याला ‘प्रोसेसवर विश्वास’ असं नाव आहे.

आता गणित. हे जरा सविस्तर घेऊ, कारण पुढची काही वर्षं तुम्हाला यावरच काढायची आहेत. खरं तर एतिहादवर जाईपर्यंत बरंचसं होऊन गेलेलं होतं. ९ एप्रिलला लिव्हरपूलविरुद्ध दोन गोलांची आघाडी, शेवटी २-२. १६ ला वेस्ट हॅमविरुद्ध पुन्हा दोन गोलांची आघाडी, साकाची पेनल्टी बाहेर, पुन्हा २-२. २१ ला घरच्या मैदानावर तळाच्या साउदम्प्टनविरुद्ध, पहिल्याच मिनिटात आपल्या गोलकीपर रॅम्सडेलने चेंडू समोरच्याच्या पायात दिला आणि दुसरा गोल आपल्याच जुन्या थिओ वॉलकॉटने केला. धावाधाव करून ३-३. तीन सामने, सहा गुण पाण्यात. हंगामाच्या शेवटी आर्सेनलचे ८४ झाले, सिटीचे ८९. आता ८४ मध्ये ते सहा मिळवा. नव्वद! बघा, जिंकलोच होतो आपण! ही बेरीज लग्नकार्यात, बसस्टॉपवर, जमेल तिथे ऐकवा. फक्त सिटीने विजेतेपद नक्की झाल्यावर शेवटचे दोन सामने निवांत खेळून ब्रायटनशी बरोबरी केली आणि ब्रेंटफर्डकडून हरले, हे सांगू नका. त्यांना गरज असती तर ते ८९ वर थांबले असते का, हा प्रश्न नव्वदच्या आकड्याची सगळी मजा घालवतो.

लिव्हरपूलच्या मैदानावरच्या, म्हणजे अ‍ॅनफिल्डच्या, त्या बरोबरीचं खापर आपल्या ग्रानित झाकावर फोडायलाही परवानगी आहे. तो त्यांच्या अलेक्झांडर-आर्नल्डशी नाक लावून भांडला आणि झोपलेलं स्टेडियम जागं झालं, असा सिद्धांत आहे. पन्नास हजारांवर माणसं तिकीट काढून झोपायला आली होती, हे त्यात गृहीत धरलंय. असू द्या.

पैशाचा मुद्दा मात्र ठामपणे मांडायचा. सिटीच्या मागे अबू धाबीचा पैसा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रीमियर लीगनेच त्यांच्यावर आर्थिक नियमभंगाचे शंभरावर आरोप ठेवले. हे सगळं खरं आहे आणि गंभीरही आहे. बोलताना आवाज चढवा, नैतिकता चढवा, फक्त अंगातली जर्सी आधी उतरवून ठेवा. तिच्या छातीवर दुबईच्या विमान कंपनीचं नाव आहे, आपलं स्टेडियमही त्याच नावाचं आहे आणि बाहीवर रवांडाला फिरायला या असं आमंत्रण आहे. आखाती पैशाविरुद्धचं भाषण उघड्या अंगाने दिलं की जास्त परिणाम होतो. शिवाय आपला प्रशिक्षक आर्टेटा तीन वर्षांहून जास्त ग्वार्दिओलाचा सहायक होता, जेझुस आणि झिंचेंको आधीच्याच उन्हाळ्यात सिटीकडून विकत घेतलेले. विजेतेपदाच्या शर्यतीत प्रतिस्पर्धी आपल्याला स्वतःचे दोन खेळाडू खुशाल विकतो, तेव्हा तो आपल्याला किती घाबरतो, याचा विचार रात्री करू नये. झोप लागत नाही.

मुंबईकर वाचकांची अडचण याहून नाजूक आहे. अंधेरीच्या मैदानावर ज्या मुंबई सिटी एफसीसाठी तुम्ही घसा फोडून ओरडलात, त्यात २०१९ पासून बहुतांश वाटा सिटी फुटबॉल ग्रुपचाच होता, म्हणजे ज्यांना तुम्ही पहाटे अडीच वाजता शिव्या घातल्या त्यांचाच. त्याच २०२२-२३ मध्ये मुंबईने आयएसएलची लीग शील्ड जिंकली आणि तुम्ही स्टेटस ठेवलंत. त्या निळ्या रंगात मुंबईच्या समुद्राचा निळा आहे, मँचेस्टरचा नाही, असं सांगून वेळ मारून न्या.

घरचा प्रश्न सोपा असतो. सकाळी सुजलेले डोळे पाहून आई विचारणार, ‘कोण हरलं रे?’ आर्सेनल म्हणून सांगितलंत की, ‘भारताची मॅच नव्हती ना मग?’ नव्हती, म्हणायचं आणि चहा घ्यायचा. तिला आर्सेनलचं लंडनमधलं इस्लिंग्टन कुठे आहे ते समजावत बसू नका. तुम्हालाही नकाशात चटकन सापडणार नाही. ऑफिसात पोटाचं कारण सांगा. आयपीएल चालू असल्यामुळे आदल्या रात्री दुसरंही काही झालं असेल असा कुणाला संशय येणार नाही.

खरा त्रास मँचेस्टर युनायटेडवाल्या मित्राचा. त्यांनी शेवटची लीग २०१३ मध्ये जिंकली. तरी पहाटे २ वाजून ३५ मिनिटांनी पहिला हसरा चेहरा त्याचाच येतो. आपल्याच शहरातला शेजारी जिंकतोय याचा आनंद मानणारा हा जगातला एकमेव प्राणी. त्याला उत्तर देऊ नका. ३ जूनपर्यंत थांबा. एफए कपच्या फायनलला त्याच सिटीच्या गुंदोगानने त्यांच्यावर बारा सेकंदांत गोल केला. तोवर तुमचा पराभव शिळा झालेला असतो आणि त्याचा ताजा.

कोल्हापूरकरांना हे नियम लागू नाहीत, कारण त्यांना सुतक पाळायची सवड मिळत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा शिवाजी तरुण मंडळ हरलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला जाताना जिंकलेल्या पेठेतला गडी समोर उभा असतो : ‘काय भावा, काल गप गप गेलास?’ तिथे डी ब्रुइनेच्या धावांचे नकाशे आणि अपेक्षित गोलांचे तक्ते चालत नाहीत. तुम्हाला मात्र अख्ख्या सोसायटीत विचारणारं कोणी नाही. ज्या पराभवाबद्दल गल्लीत कोणी टोमणा मारत नाही, त्याचं दुःख स्वतःच स्वतःला पुरवावं लागतं. म्हणून तर रात्री तीन वाजता चाळीस ओळींचा संदेश लिहिणं भाग पडतं. ‘आर्टेटा आउट’ने सुरुवात करा. शेवटी ‘तरी यंदा पोरांनी अभिमान वाटावा असं केलं’ असं लिहा. दोन्ही एकाच संदेशात बसतं, अनेकांनी बसवलंय.

मग येते आशा. हिच्याबद्दल जास्त सावध राहा. त्या रात्रीनंतरही आर्सेनलच वर होतं : ३३ सामन्यांत ७५ गुण, सिटीचे ३१ सामन्यांत ७३. दोन सामने कमी खेळून दोन गुण मागे याचा अर्थ कुठल्याही शाळकरी पोराला कळतो. चाहत्याला कळत नाही आणि कळूही नये. २ मे रोजी चेल्सीला ३-१ ने हरवून आपण पुन्हा एका रात्रीपुरते वर गेलो, तेव्हा त्या तक्त्याचा फोटो काढून ठेवला असेल तर तो पुसू नका. न्यूकॅसललाही जाऊन हरवलं. मग ब्रायटनने घरी येऊन ३-० मारले आणि २० मे रोजी नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून १-० ने हरून आपण सिटीला घरबसल्या विजेतेपद पोहोचवलं. एकूण २४८ दिवस पहिल्या क्रमांकावर राहून शेवटी दुसरे आलो. इंग्लंडमध्ये लीग न जिंकता इतके दिवस वर कोणीच राहिलेलं नाही. विक्रम तो विक्रम; तुमच्या परिचयपत्रात घाला.

आणि ऑगस्टची वाट बघा. ६ ऑगस्टला वेम्ब्लीवर कम्युनिटी शील्डमध्ये, म्हणजे हंगाम सुरू होताना एका ताटासारख्या ढालीसाठी होणाऱ्या सामन्यात, हीच सिटी समोर होती. ट्रोसार्डने भरपाई वेळेच्या अकराव्या मिनिटाला बरोबरी साधली आणि पेनल्टीवर आपण जिंकलो. हरलो असतो तर तो सराव सामना होता, सगळे अजून सुट्टीतच होते, असं सांगायचं पूर्ण तयार होतं. जिंकलो, तेव्हा तो अधिकृत चषक आहे आणि आपला सतरावा आहे. युनायटेडवाला मित्र म्हणेल, ‘त्या ताटाला कोण चषक धरतं?’ त्याला म्हणू द्या. त्यांच्याकडे अशी एकवीस ताटं आहेत, हे त्याच्या लक्षात येणार नाही एवढी मात्र काळजी घ्या.